आमचे स्क्रममास्तर

मास्तरांच्या खिशाला पेन नसतं, मार्कर असतात. तेही व्हाइटबोर्डचे, चार रंगांचे. बॅगेत चिकटचिठ्ठ्यांचे गठ्ठे. चिठ्ठी गठ्ठ्यावरून खालून वर ओढली की तिला बाक येतो आणि दुपारपर्यंत ती गळून पडते, बाजूनं सोलली तर सपाट राहते, हे ज्ञान त्यांनी मला पहिल्याच भेटीत दिलं. ते खरं आहे. मास्तरांचं पुष्कळसं ज्ञान खरं असतं, हीच त्यांच्या बाबतीतली अडचण आहे. नुसता थापाड्या माणूस असता तर आम्ही त्याला केव्हाच गुंडाळून ठेवला असता.

असे मास्तर हिंजवडीत फेज एकपासून फेज तीनपर्यंत कंपनीगणिक एकदोन तरी सापडतील. आमचे मूळचे प्रोजेक्ट मॅनेजर. कंपन्या रिसेप्शनमध्ये 'सीएमएम लेव्हल फाइव्ह'ची पाटी मिरवत, त्या जमान्यातले. तेव्हा ते गँट चार्ट काढायचे. आठ महिन्यांचं काम, त्याच्या रंगीत पट्ट्या, सगळ्यांत तळाशी टेस्टिंगची पट्टी. वरच्या पट्ट्या लांबत जायच्या, शेवटची तारीख जागची हलायची नाही आणि टेस्टिंगची पट्टी चेपत चेपत चार दिवसांवर यायची. मी टेस्टिंगमध्ये असल्यामुळे तो चार्ट मला अजून पाठ आहे. मग बाणेरच्या एका हॉटेलात शनिवार-रविवार असा दोन दिवसांचा कोर्स झाला, आणि सोमवारी मास्तर सर्टिफाइड स्क्रममास्टर होऊन ऑफिसात आले. त्यांच्या ईमेलच्या तळाशी नावापुढे जी अक्षरं लागली, ती पुढच्या काही वर्षांत वाढत वाढत नावापेक्षा लांब झाली.

'मास्तर' हे नाव टीममधल्या एका सातारच्या मुलानं ठेवलं. ते त्यांना आवडलं. 'सर' म्हटलेलं त्यांना चालत नाही. स्क्रममास्टर हा बॉस नसतो, टीमचा सेवक असतो, असं ते सांगतात. फक्त सेवकानं बोलावलेल्या मीटिंगला दोन मिनिटं उशीर झाला तर सेवक घड्याळाकडे बघतो.

सकाळी साडेदहाला स्टँडअप, म्हणजे उभ्यानं करायची मीटिंग. पंधरा मिनिटांत आटपायचं, म्हणून मास्तर मोबाइलवर टायमर लावतात आणि टायमर म्हणजे काय, हे नव्या माणसाला समजावून देण्यात पाच मिनिटं जातात. कंपनीची बस वाकडच्या पुलापाशी अडकलेली असली की निम्मी टीम बसमधूनच फोनवर हजर होते. त्यांतल्या ज्यांना बसायला जागा मिळालेली नसते, तेवढेच खरे उभे असतात. मग तीन प्रश्न: काल काय केलं, आज काय करणार, अडलंय कुठं? उत्तरही ठरलेलं. "काल लॉगिनच्या टिकेटवर काम केलं, आजही त्यावरच करणार, ब्लॉकर नाही." ब्लॉकर असतोच. पण 'आहे' म्हटलं की मास्तर 'ऑफलाइन बोलू' म्हणतात, आणि ऑफलाइन बोलणं पाऊण तासाचं असतं. तेव्हा ब्लॉकर नसलेलाच बरा.

केन श्वेबर आणि जेफ सदरलँड या दोघांनी स्क्रम या कामाच्या पद्धतीची मार्गदर्शिका लिहिली, ती २०१० साली पहिल्यांदा निघाली. २०२०ची आवृत्ती तर पंधरा पानांच्या आत संपते. उभं राहूनच बोलावं असं तीत कुठंही लिहिलेलं नाही. हे तीन प्रश्न २०२०मध्ये काढून टाकले गेले. आणि कामाचा आकार मोजायचे स्टोरी पॉइंट तीत कधीच नव्हते. आमच्यातल्या एकीनं, नांदेडहून नुकत्याच आलेल्या मुलीनं, हे वाचून मास्तरांना विचारलं. मास्तर हसले. "माहीत आहे मला. पण आधी टीमला सवय तर लागू दे."

स्टोरी पॉइंट हा मास्तरांचा खास आवडीचा विभाग. काम किती तासांचं आहे ते विचारायचं नाही, किती मोठं आहे ते विचारायचं. प्रत्येकाच्या हातात पत्ते: एक, दोन, तीन, पाच, आठ, तेरा. सगळ्यांनी एकदम पत्ता उघडायचा, म्हणजे कोणी कोणाचं बघून आकडा सांगणार नाही. जेम्स ग्रेनिंग नावाच्या माणसानं २००२ साली ही युक्ती काढली आणि युक्ती झकास आहे. फक्त आमच्याकडे सगळेजण आपापला पत्ता अर्धा उचलून आधी सीनियर माणसाच्या तोंडाकडे बघतात. या आकड्यांवर मास्तरांचं एक छोटं व्याख्यान आहे. फिबोनाचीनं हे आकडे १२०२ साली लिहिले, पण त्याआधी आपल्याकडे आचार्य हेमचंद्रांनी छंदशास्त्रात, लघु-गुरूंच्या मांडणीत, तेच दिले होते. हेही खरं आहे. व्याख्यान संपल्यावर नांदेडच्या मुलीनं हातातले पत्ते चाळून म्हटलं, "मास्तर, तेरानंतर एकवीस यायला हवेत ना? इथे वीस आहे. पुढे चाळीस, मग एकदम शंभर."

"ते गोल केलंय," मास्तर म्हणाले.

गोल पुढंही बरंच काही झालं. पॉइंट हे टीमनं आपल्याआपल्यात अंदाज बांधण्यासाठी असतात. पण दर स्प्रिंटला, म्हणजे कामाच्या दोन आठवड्यांच्या टप्प्याला, किती पॉइंट संपले याला व्हेलॉसिटी म्हणतात, आणि वरच्या साहेबांना तो आकडा दिसला. ते म्हणाले, "पुढच्या क्वार्टरला वीस टक्के वाढली पाहिजे." वाढली. जूनमध्ये जे काम तीन पॉइंटांचं होतं, तसलंच काम दिवाळीपर्यंत आठचं झालं. अप्रेझल सगळ्यांचं चांगलं गेलं.

एवढं सगळं असूनही स्क्रम म्हणजे काय, हे मास्तरांइतकं छान समजावून सांगणारा माणूस मी पाहिलेला नाही. नव्या मुलांना ते स्लाइडवर रग्बीतल्या स्क्रमचं चित्र दाखवतात. (रग्बीचा सामना त्यांनी कधी पाहिलेला नाही, आमच्यापैकी कोणी पाहिला आहे?) लोकांची समजूत असते की स्क्रम अमेरिकी आणि दुसरी पद्धत, कानबान, जपानी. पण १९८६ साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये रग्बीची ही उपमा वापरली ती ताकेउची आणि नोनाका या दोन जपानी प्राध्यापकांनी, आणि त्यांची उदाहरणं होती होंडा, कॅनन, फुजी-झेरॉक्स अशी. उलट टोयोटात कानबान उभं करणाऱ्या ताइइची ओनोंना कल्पना सुचली अमेरिकेतल्या सुपरमार्केटवरून: फळीवरचा माल गिऱ्हाईक जेवढा उचलेल, तेवढाच मागून भरायचा. मास्तर हे सांगताना रंगात येतात. मग मार्करचं टोपण लावून विचारतात, "पंगत पाहिली आहे का कोणी?"

पंगत म्हणजे स्क्रम. पानं मांडली, माणसं बसली, काय वाढायचं ते ठरलं. एकदा बसल्यावर मध्येच नवा पाहुणा घुसवायचा नाही. त्यानं पुढच्या पंगतीला बसावं. पंगत उठली की पुन्हा झाडलोट, पुन्हा पानं. दोन आठवड्यांची एक पंगत. फार तर महिन्याची, त्याहून लांब नाही. आणि खानावळ म्हणजे कानबान. तिथं सगळे एकदम बसत नाहीत, एकदम उठत नाहीत. टेबलं मोजकी. एक खुर्ची रिकामी झाली की दारातल्या रांगेतला एक आत. स्वयंपाकघर दमलं आहे की मोकळं आहे ते रांगेवरून कळतं. ठरवून मांडलेलं नवं काम असेल तर पंगत बरी. कधी काय येऊन पडेल याचा नेम नसलेलं काम, म्हणजे सपोर्टचं, असेल तर खानावळ बरी.

इतकं स्वच्छ समजलेल्या माणसाला अडायचं काय कारण? मास्तर अडतात ते बुधवारी.

स्प्रिंट सोमवारी सुरू होते. बुधवारी संध्याकाळी, तिकडे सकाळ झाली की, क्लायंटचा ईमेल येतो. त्यात 'छोटंसंच आहे' या अर्थाचं वाक्य असतं. मास्तर ईमेल वाचतात, चष्मा काढतात, पुसतात, पुन्हा वाचतात आणि उत्तर देतात, "शुअर." त्यांच्याजवळ होकाराचे प्रकार अनेक आहेत. 'बघू' म्हणजे हो. 'टीमशी बोलून सांगतो' म्हणजे हो, सांगून झालंय. 'कठीण आहे' म्हणजे हो, पण रविवारी यावं लागेल. नकाराचा एकही प्रकार मी ऐकलेला नाही. स्प्रिंटचं उद्दिष्ट धोक्यात येईल असा बदल मध्येच करू नये, हे मार्गदर्शिकेतलं वाक्य ते आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवतात. क्लायंटच्या कॉलवर ते वाक्य त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही. मी एकदा म्हटलं, "मास्तर, तेवढं एकदा त्यांनाही वाचून दाखवा ना." ते म्हणाले, "त्यांना माहीत आहे हो. त्यांच्याकडेही स्क्रममास्टर आहे."

मग स्प्रिंटच्या शेवटी निम्म्या चिठ्ठ्या 'स्पिलओव्हर' म्हणून पुढच्या स्प्रिंटमध्ये जातात, आणि शुक्रवारी रेट्रो होतो. काय चांगलं झालं, काय वाईट झालं, काय सुधारायचं. 'मध्येच काम घेऊ नये' ही चिठ्ठी दर रेट्रोला लागते. मास्तर ती आदरानं वाचतात, तिच्यावर ठिपके देऊन मतदान घेतात, तिला सर्वांत जास्त मतं पडतात, आणि ते तिचा फोटो काढतात. पुढंपुढं सातारच्या मुलानं नवी चिठ्ठी लिहायचं सोडलं. जुनीच जपून ठेवून तो दर वेळी लावायचा. तिच्या मागचा गोंद संपला तेव्हा तिला सेलोटेप लावली.

कानबान आमच्याकडे आलं ते प्रॉडक्शन सपोर्ट आमच्या गळ्यात पडल्यावर. आता रोज टिकेटं, त्यांचा काही नेम नाही. दोन आठवडे आधी ठरवणार काय? मास्तर पुन्हा एका शनिवार-रविवारी गेले आणि सोमवारी जपानी होऊन आले. जुना बोर्ड पुसला. नवे रकाने आले आणि प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर एक आकडा: डेव्हलपमेंट तीन, टेस्टिंग दोन. तेवढीच कामं त्या रकान्यात. जागा नसेल तर नवं ओढायचं नाही. समजावताना त्यांनी टोकियोच्या राजवाड्याच्या बागेची गोष्ट सांगितली. पूर्वेकडच्या त्या बागेत जायला पैसे पडत नसत, पण दारावर एक बिल्ला देत आणि बाहेर पडताना तो परत घेत. बिल्ले संपले की बाग भरली. सॉफ्टवेअरमध्ये कानबान आणणाऱ्या डेव्हिड अँडरसन यांच्या मनात ती पाहून ही मर्यादेची कल्पना पक्की झाली. आणि त्यांनी मायक्रोसॉफ्टमध्ये २००४च्या सुमाराला अशा पद्धतीचा पहिला प्रयोग ज्या टीमवर केला, ती बसत होती आपल्या हैदराबादेत. त्या टीमचा पुष्कळ वेळ कामं करण्यात जायचा नाही, येणाऱ्या कामांचे अंदाज बांधण्यात जायचा; अंदाज बंद केले आणि कामं निघू लागली. हे ऐकून आमच्या पत्त्यांच्या डब्याकडे सगळ्यांनी एकदम बघितलं.

हिशेबही त्यांनी मांडून दाखवला. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला नियम आहे: रांगेत सरासरी किती कामं, भागिले आठवड्याला सरासरी किती निघतात, म्हणजे एका कामाला सरासरी लागणारे आठवडे. हातात चोवीस टिकेटं धरून आठवड्याला सहा संपवलीत तर प्रत्येकाला चार आठवडे. बाराच धरलीत आणि वेग तोच राहिला तर दोन आठवडे. माणसं तीच, वेग तोच, फक्त हात कमी ठिकाणी घालायचे. बोर्डासमोर उभं राहून मास्तरांनी हे सांगितलं तेव्हा मला त्यांचा खरोखर आदर वाटला.

आणि तीन आठवडे ते चाललंही. टेस्टिंगचा रकाना दोन टिकेटांनी भरला की डेव्हलपर लोकांना पुढं काही ढकलता येईना. मग ते माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहू लागले. "काही मदत करू का?" हे वाक्य डेव्हलपरच्या तोंडून टेस्टिंगवाल्याला ऐकू येणं ही काय चीज आहे, ते टेस्टिंगवाल्यांनाच कळेल. एकानं तर स्वतःचाच कोड स्वतः टेस्ट केला आणि गप्प झाला.

चौथ्या आठवड्यात बुधवार आला.

क्लायंटचा ईमेल, छोटंसंच, शुअर. रकान्यात जागा नव्हती. तर मास्तरांनी बोर्डाच्या वरच्या कडेला लाल मार्करनं एक आडवी पट्टी आखली: 'अर्जंट'. पद्धतीत अशी वेगळी रांग असते, ती मास्तरांची कल्पना नव्हे; पण तीत एका वेळी एक टिकेट, तेही खरोखर आग लागली असेल तर. आमच्या पट्टीत शुक्रवारी चार होती. मग साहेबांना कळलं की त्या पट्टीतली कामं लवकर होतात, तेव्हा सगळी कामं तिथून येऊ लागली आणि अर्थातच तिथलीही उशिरा होऊ लागली. त्या गर्दीला वाट द्यायला मास्तरांनी खालच्या रकान्यांच्या डोक्यावरचे आकडे हळूच बदलले. तीनचे पाच केले. पाचचे आठ. मग तेरा. नांदेडची मुलगी म्हणाली, "मास्तर, स्क्रम काही सुटत नाही तुमचा."

हे केवळ ऑफिसपुरतं असतं तर मी क्लायंटला दोष दिला असता. पण मास्तरांची वारज्याला सोसायटी आहे आणि सोसायटीला गणपती आहे. एका वर्षी उत्सवाचं काम त्यांनी अंगावर घेतलं. आठवड्याची एक अशा चार स्प्रिंट, क्लबहाऊसच्या भिंतीवर बोर्ड. चतुर्थी काही पुढं ढकलता येत नाही. तारीख पक्की, तर मग काम कापायचं, हा स्क्रमचा गाभाच. मास्तरांनी तो गाभा सभेत सांगितला आणि मग जो उठेल त्याची मागणी चिठ्ठीवर लिहून घेतली. सजावट, अथर्वशीर्ष, मुलांचं फॅन्सी ड्रेस, महिलांचं हळदीकुंकू, रक्तदान, ऑर्केस्ट्रा, बी विंगला वेगळा ऑर्केस्ट्रा, मोदकांची स्पर्धा. भिंत भरली. सोसायटीचे खजिनदार एका सरकारी बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. ते काठी टेकत बोर्डापाशी गेले. "हे नाही. हेही नाही. हे गेल्या वर्षी केलं होतं, कोणी आलं नाही. याला पैसे नाहीत. हे कोणाचं? तुमचं? तुमचा मेंटेनन्स मार्चपासून थकलाय." पाच-दहा मिनिटांत भिंतीवर सात चिठ्ठ्या उरल्या. मास्तरांनी विचारलं, "काका, लोक नाराज झाले तर?" काका म्हणाले, "अहो, मी आयुष्यभर काउंटरवर बसून नाहीच म्हणत आलोय. लोक दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात."

उत्सव वेळेवर आणि उत्तम झाला. मास्तरांनी सोमवारी ऑफिसात आम्हाला बोर्डाचे फोटो दाखवले. "बघा, सोसायटीत स्क्रम किती छान चालला."

स्क्रम चांगला की कानबान, यावर चहाच्या टपरीवर भांडणारे लोक आमच्या कंपनीत पुष्कळ आहेत. दोन्हीकडचे पक्के असतात, आणि २००९-१०च्या सुमारास हेन्रिक निबर्ग आणि मॅटियस स्कारिन यांनी दोन्हीतलं चांगलं ते कसं घ्यावं यावर एक छोटं पुस्तक लिहिलं असलं तरी ते कोणी वाचत नाही, कारण वाचलं तर भांडता येत नाही. मला विचाराल तर भांडायचं कारण लहान आहे. एकात वेळेला कुंपण घालतात, दुसऱ्यात कामांच्या संख्येला. कुंपण कुठलंही घाला, फाटकापाशी एक माणूस लागतो. आमच्या फाटकावर मास्तर होते, आणि मास्तरांना पाहुण्यांची फार आवड.

त्यांच्यावर रागावता येत नाही हे खरं. मुलांच्या वाढदिवसाला ते केक आणतात. कोणाची नाइट शिफ्ट लागोपाठ लागली तर स्वतः जागतात, आणि जागून त्या माणसाला स्टिकी नोटवर 'थँक यू' लिहून त्याच्या मॉनिटरला चिकटवतात. बाजूनं सोललेली, त्यामुळे ती कधी पडत नाही. क्लायंट त्यांच्यावर खूश, साहेब खूश. अशा माणसाला बढती मिळणारच. गेल्या एप्रिलपासून ते एजाइल कोच आहेत आणि चार टीम बघतात. त्या चारही टीमच्या बोर्डांवर लाल मार्करची आडवी पट्टी आहे.

शिवाय आता ते स्वतःच कोर्स घेतात. मधल्या काळात त्यांनी दोन्ही पद्धतींची मिसळ असलेलं स्क्रमबान शिकवलं. नव्या कोर्सचा मेसेज परवा आमच्या जुन्या टीमच्या ग्रुपवर पडला. विषय: 'स्टेकहोल्डरला नाही कसं म्हणावं'. आधी तो एका दिवसाचा होता. नाव नोंदवलेल्यांपैकी काहींनी आणखी दोन विषय घालाल का म्हणून विचारलं, तेव्हा आता तो दोन दिवसांचा आहे, शनिवार-रविवार, फी तीच.